वीज परतते त्या क्षणी : सांवेर रोड आणि एसएमपीएसची दुरुस्ती

संगणकाला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा, ज्याला बाजारात सगळे एसएमपीएस म्हणतात, तो वीज गेल्यामुळे क्वचितच मरतो. बहुधा तो वीज परत येताना मरतो. काही वेळा तो आधीच मरणाला टेकलेला असतो आणि वीज जाण्याने ते केवळ उघड होते. ही दोन मरणे वेगवेगळी ओळखता येणे हेच या दुरुस्तीचे खरे कसब. इंदूरच्या उत्तरेला, सांवेरमार्गे उज्जैनला जाणाऱ्या रस्त्यालगत पसरलेली औद्योगिक वसाहत या कसबाचा इतिहास समजून घ्यायला योग्य जागा आहे. तिथे एकाच छपराखाली मोठ्या मोटारी चालतात आणि हिशेबाचा संगणकही चालतो, आणि दोघांची वीज एकाच ट्रान्सफॉर्मरवरून येते.

इंदूर शहरात वीजपुरवठा सुरू झाला तो १९०६ साली, होळकरांच्या राजवटीत. शहर तेव्हा कापडगिरण्यांचे होऊ लागले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात दरबाराने गिरणी उभी केली होती. १९०७ साली मालवा मिल आली, १९१५ साली हुकुमचंद मिल, आणि पुढे राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी अशी रांग लागली. पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली इंदूर दरबारासाठी नगररचनेचा अहवाल लिहिला, तेव्हा गिरण्यांचे हे शहर कसे वाढावे हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. वाफेच्या इंजिनाकडून विजेच्या मोटारीकडे गिरण्या वळल्या तशी शहराला मोटारीचे वाइंडिंग, स्टार्टर, फ्यूज आणि अर्थिंग जाणणाऱ्या माणसांची गरज पडू लागली. विजेच्या दुरुस्तीची इंदूरची ओळख अशी गिरणीतून सुरू होते.

स्वातंत्र्यानंतर आणि १९५६च्या राज्य पुनर्रचनेनंतर वीज जबलपूरला मुख्यालय असलेल्या मध्य प्रदेश विद्युत मंडळाकडे गेली. चंबळेवरच्या गांधीसागर धरणाचे ११५ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र १९६० साली सुरू झाले, तर सातपुडा औष्णिक केंद्र सारणी येथे १९६७ पासून वीज देऊ लागले. छोट्या उद्योगांसाठी आधी पोलो ग्राउंडची वसाहत होती. सांवेर रोडची वसाहत तिच्यापेक्षा कितीतरी मोठी झाली आणि ए ते एफ अशा सेक्टरांत विभागली गेली. प्लॅस्टिक, औषधे, खाद्यपदार्थ, पॅकिंगचे साहित्य, ओतकाम, यंत्रांचे सुटे भाग असे नाना उद्योग तिथे आले. सेक्टर ई मध्ये इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिची भावंडे छत्रपती संभाजीनगर आणि अहमदाबाद येथे आहेत, त्यामुळे मराठवाड्यातील कारागिरांना हे नाव परके नाही. शहराचा औद्योगिक भार गिरण्यांकडून अशा वसाहतींकडे सरकत असतानाच गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद झाली आणि तिथल्या कामगारांची थकलेली देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला.

या वसाहतीत संगणक उशिरा आला. नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले, आयातीचे निर्बंध सैल झाले, आणि सुट्या भागांतून जुळवलेले ‘असेंबल्ड’ संगणक देशभर स्वस्तात मिळू लागले. कारखान्याच्या कार्यालयात त्याचे पहिले काम हिशेबाचे आणि पगारपत्रकाचे होते. १९८६ नंतर टॅली आली आणि खतावणी हळूहळू पडद्यावर गेली. संगणक बिघडला तर दुरुस्तीला जाणारा माणूस मात्र संगणकाचा नव्हता. १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत दूरचित्रवाणी आली होती, आणि रंगीत संचाच्या पोटात स्विचिंग पद्धतीचाच वीजपुरवठा असतो. तो उघडून तपासणारे टीव्ही मेकॅनिक देशात गावोगाव तयार झाले होते. संगणकाचा एसएमपीएस त्यांना ओळखीचा वाटला. संगणक दुरुस्तीची पहिली पिढी मोठ्या प्रमाणात याच हातांतून घडली, आणि तिचे ऋण पुरेसे मानले गेलेले नाही.

स्विचिंग पद्धतीचे मर्म थोडक्यात असे. जुन्या पद्धतीत जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झची वीज खाली उतरवतो आणि पुढचा रेग्युलेटर जास्तीचे व्होल्टेज उष्णतेत घालवतो. एसएमपीएसमध्ये आलेली वीज आधी डायोडच्या ब्रिजमधून सरळ केली जाते. २३० व्होल्टचे शिखर ३२५ व्होल्ट असते, म्हणून मोठ्या कपॅसिटरांवर साधारण तेवढा दाब साठतो. मग ट्रान्झिस्टर हा दाब सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, आणि इतक्या जलद चालू-बंद होणाऱ्या विजेला लहानसा फेराइटचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. १९७७च्या ॲपल टू संगणकात रॉड होल्ट यांनी हा पुरवठा बसवला, तेव्हा घरगुती यंत्रात तो नवलाचा होता. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीमध्ये ६३.५ वॅटचा एसएमपीएस होता, १९८३ च्या एक्सटीमध्ये १३० वॅटचा आणि १९८४ च्या एटीमध्ये १९२ वॅटचा. भारतात जुळवल्या जाणाऱ्या यंत्रांचे डबे याच घराण्यातले.

त्या काळात संगणकाच्या संरक्षणासाठी जी साधने वापरली जात, त्यांत सीव्हीटी, म्हणजे स्थिर व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर, प्रतिष्ठेचा होता. जोसेफ सोला यांनी १९३८ साली शोधलेले हे जड, गुणगुणणारे आणि गरम होणारे यंत्र येणारे व्होल्टेज खालीवर झाले तरी जाणारे जवळपास स्थिर ठेवते. पण त्याचे काम वारंवारितेवर अवलंबून असते. वारंवारिता एक टक्का घसरली की त्याचे व्होल्टेज सुमारे दीड टक्का बदलते. १९९०च्या दशकात मागणी पुरवठ्याहून जास्त असल्याने देशातील ग्रिडची वारंवारिता ५० हर्ट्झखाली बरीच घसरत असे. गंमत म्हणावी अशी नाही, पण खरी गोष्ट अशी की एसएमपीएसला स्वतःला या घसरणीचे काही वाटत नाही. तो ४७ ते ६३ हर्ट्झपर्यंत बिनतक्रार चालतो. म्हणजे संरक्षकच त्याच्या आश्रिताहून नाजूक होता. पश्चिम विभागात १ जुलै २००२ पासून वारंवारितेशी जोडलेली दरपद्धत लागू झाली, त्यानंतर ही घसरण आवरू लागली.

जुन्या एटी पद्धतीच्या डब्याचे निदान साधे असे. संगणकाच्या दर्शनी भागातल्या बटणातून थेट २३० व्होल्टची वीज जाई. बटण दाबले आणि पंखा फिरला नाही की आधी फ्यूज, मग ब्रिज, मग दोन स्विचिंग ट्रान्झिस्टर तपासायचे. यात एक फसगत होती. अनेक जुने एसएमपीएस भाराशिवाय सुरूच होत नसत. टेबलावर एकटा काढून ठेवलेला चांगला डबाही मेलेला वाटे. आयबीएमने हार्ड डिस्क नसलेल्या एटी संगणकात भारासाठी ५ ओहम, ५० वॅटचा रोधक जोडून दिला होता तो याच कारणाने. आपल्याकडे जुनी हार्ड डिस्क किंवा गाडीचा १२ व्होल्टचा दिवा हे काम करी. मदरबोर्डला जाणारे पी-८ आणि पी-९ हे दोन जोड उलटसुलट बसण्याचा धोकाही होता, म्हणून काळ्या तारा शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत हा नियम प्रत्येक शिकाऊ मुलाला पहिल्याच दिवशी सांगितला जाई.

या पद्धतीतला एक तपशील सांवेर रोडसारख्या वसाहतीत महत्त्वाचा ठरला. कारखान्यातल्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की ती सुटते, आणि वीज परतली तरी कामगाराने हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. संगणकाच्या जुन्या बटणाला अशी सोय नव्हती. वीज गेली तेव्हा ते दाबलेलेच राही आणि परतणाऱ्या विजेचा पहिला झटका तोच घेई. त्या क्षणी मोटारी बंद असतात, फीडरवर भार कमी असतो, आणि पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी लावलेले कपॅसिटर कुणी काढले नसतील तर ते मात्र जोडलेलेच असतात. भार नसताना असे कपॅसिटर व्होल्टेज वर चढवतात. मग मोटारी एकामागून एक सुरू होऊ लागल्या की प्रत्येक मोटार क्षणभर आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या सहापट प्रवाह ओढते आणि व्होल्टेज खाली आपटते. दोन-चार मिनिटांत हा चढउतार अनेकदा होतो. वीज गेल्याबरोबर भिंतीवरचे बटण बंद करायचे आणि वीज स्थिरावल्यावरच लावायचे, ही आपल्या कार्यालयांत आणि घरांत रुजलेली सवय या अनुभवातून आली आहे. ती आजही तितकीच योग्य आहे.

जुलै १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे नवे मानक आणले आणि निदानाची रीत पालटली. आता दर्शनी बटण वीज जोडत नाही, ते मदरबोर्डला फक्त इशारा देते. मदरबोर्ड हिरव्या तारेचा दाब शून्यावर आणतो आणि एसएमपीएस जागा होतो. यासाठी डब्याचा एक छोटा भाग संगणक बंद असतानाही चालू असावा लागतो. जांभळ्या तारेवर सतत मिळणारे हे ५ व्होल्ट म्हणजे स्टँडबाय. सगळी व्होल्टेज ठरल्या मर्यादेत आली की ०.१ ते ०.५ सेकंदात राखाडी तारेवर ‘सगळे ठीक’ असा इशारा जातो आणि मगच मदरबोर्ड काम सुरू करतो. मर्यादा पाच टक्क्यांची आहे : १२ व्होल्टच्या पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, आणि ५ व्होल्टच्या लाल तारेवर ४.७५ ते ५.२५. पुढे २००० साली प्रोसेसरसाठी चार पिनांचा वेगळा जोड आला आणि २००३ मध्ये वीस पिनांचा मुख्य जोड चोवीस पिनांचा झाला. मूळ रीत मात्र बदलली नाही. डबा काढून टेबलावर ठेवायचा, तारेच्या तुकड्याने हिरवी आणि काळी जोडायची, पंखा फिरतो का पाहायचे आणि मग प्रत्येक रंगावर मल्टिमीटर लावायचा, ही तपासणी सांवेर रोडपासून सिलिकॉन व्हॅलीपर्यंत सारखीच आहे.

मानक पालटले आणि काही वर्षांतच मध्य प्रदेशात विजेचा सर्वांत कठीण काळ आला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले आणि कोरबा परिसरातील औष्णिक केंद्रे त्या राज्यात गेली. उरलेल्या मध्य प्रदेशाकडे मागणी होती, वीज नव्हती. माळव्यात हा ताण हिवाळ्यात वाढे, कारण गहू-हरभऱ्याच्या पाण्यासाठी विहिरी आणि कूपनलिकांवरचे पंप एकाच वेळी चालत. ३० जुलै २००२ रोजी पश्चिम विभागाच्या ग्रिडमध्ये मोठा बिघाड झाला. वीज, रस्ते आणि पाणी हेच मुद्दे घेऊन डिसेंबर २००३ची विधानसभा निवडणूक लढली गेली आणि सत्तापालट झाला. महाराष्ट्राच्या वाचकांना भारनियमनाची जी वर्षे आठवतात ती त्यानंतर थोड्याच काळात सुरू झाली. माळव्याने ती आधी सोसली. मंडळाचे विभाजन होऊन पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी इंदूरच्या पोलो ग्राउंडवरून कारभार पाहू लागली, इंदिरासागरचे १,००० मेगावॅटचे केंद्र आले, आणि २०१३ साली अटल ज्योती अभियानाने घरगुती ग्राहकांना चोवीस तास विजेचे वचन दिले. त्याआधी ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातील सुमारे ६० कोटी लोक अंधारात गेले. त्या बिघाडाची ठिणगी मध्य प्रदेशातल्या बीना–ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्ट वाहिनीवर पडली होती, पण पश्चिम ग्रिड त्यातून सावरले.

टंचाईच्या काळात वसाहतीत डिझेल जनरेटर सर्रास झाले, आणि त्यांच्याबरोबर एसएमपीएसच्या मरणाचे सर्वांत घातक कारणही आले : न्यूट्रल सुटणे. हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण वीज परतल्यावर जळलेल्या डब्यांच्या मागे हेच कारण अनेकदा असते आणि तेच सर्वांत कमी शोधले जाते.

ट्रान्सफॉर्मरपासून चार तारा निघतात : तीन फेज आणि एक न्यूट्रल. दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात, फेज आणि न्यूट्रलमध्ये सुमारे २३०. मोटार तीन फेजवर चालते, तिला न्यूट्रल लागत नाही. ट्यूबलाइट, पंखे, संगणक हे एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये असतात. न्यूट्रल कुठे तरी तुटली की वेगवेगळ्या फेजवरची ही उपकरणे एकमेकांच्या मालिकेत येतात आणि दोन फेजमधले ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात. वाटणी समान नसते. ज्या फेजवर भार जास्त तिथे व्होल्टेज कोसळते, ज्या फेजवर भार कमी तिथे ते ४०० च्या दिशेने चढते. कार्यालयातला एकुलता संगणक आणि दोन दिवे नेमके कमी भाराच्या बाजूला असतात. काही दिवे डोळे दिपवतील इतके प्रखर आणि काही मिणमिणते, ही न्यूट्रल सुटल्याची खूण.

कारखान्यात या खुणेकडे दुर्लक्ष होते, कारण यंत्रे चालूच असतात. मोटारींना न्यूट्रलशी देणे-घेणे नसल्याने वीज ठीक आहे असा मालकाचा समज होतो, आणि कार्यालयात मात्र संगणक, प्रिंटर, चार्जर जळत असतात. ४०० व्होल्टचे शिखर ५६६ व्होल्ट. साध्या एसएमपीएसमध्ये २०० व्होल्ट क्षमतेचे दोन कपॅसिटर मालिकेत असतात, म्हणजे सोसण्याची हद्द ४००. सुरक्षेसाठी लावलेला व्हॅरिस्टर असेल तर तो स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि पुढचे भाग वाचतात. स्वस्त डब्यांत व्हॅरिस्टरची जागा रिकामी असते आणि गाळणीच्या कॉइलऐवजी नुसती तार जोडलेली असते. तिथे कपॅसिटर फुटतात, ट्रान्झिस्टर शॉर्ट होतात आणि खोलीत जळल्याचा वास पसरतो. ग्राहकाचे वाचवलेले थोडे पैसे अशा दिवशी अनेक पटींनी जातात.

न्यूट्रल सुटते ती ठरावीक जागी. ॲल्युमिनियमची केबल आणि तांब्याची पट्टी यांचा सांधा पावसाळ्यात खराब होतो. वर्षानुवर्षे न घट्ट केलेला स्क्रू तापून सैल पडतो. आणि मंडळाची वीज व जनरेटर यांच्यात अदलाबदल करणाऱ्या चेंजओव्हर स्विचमध्ये न्यूट्रलचा संपर्क झिजतो. योग्य स्विचमध्ये न्यूट्रल आधी जुळते आणि शेवटी सुटते. हा क्रम बिघडला की प्रत्येक अदलाबदलीत क्षणभर तीच धोक्याची वाटणी होते. टंचाईच्या वर्षांत हा स्विच दिवसातून अनेकदा फिरवला जाई. विजेची टंचाई संगणकाला मारत नव्हती, ती झिजवत होती ही अदलाबदलीची जागा.

दुसरे मरण याच्या अगदी उलट, शांत असते. वास नाही, ठिणगी नाही, फ्यूज शाबूत, मोठ्या कपॅसिटरवर ३२० व्होल्ट हजर, आणि तरीही संगणक ढिम्म. इथे दोष स्टँडबायच्या छोट्या परिपथात असतो. एटीएक्स संगणकाची तार भिंतीत असेपर्यंत हा परिपथ वर्षानुवर्षे, रात्रंदिवस चालतो. त्यातला एखादा करंगळीच्या नखाएवढा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने आतून सुकत जातो. अशा कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश तापमानवाढीला साधारण निम्मे होते, आणि इंदूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालचे कार्यालय त्याला कोणतीही सवलत देत नाही. परिपथ चालू असताना सुकलेला कपॅसिटरही कसाबसा काम निभावतो. पण वीज जाते, डबा थंड होतो, आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात करण्याइतके बळ त्याच्यात उरलेले नसते. मालक सांगतो की काल संध्याकाळपर्यंत संगणक उत्तम चालत होता, वीज गेली आणि मेला. त्याचे निरीक्षण बरोबर असते, पण वीजपुरवठ्यावर ठेवलेला दोष चुकीचा असतो. काही रुपयांचा कपॅसिटर बदलला की डबा पुन्हा उठतो. साधारण १९९९ पासून काही वर्षे बाजारात आलेल्या सदोष इलेक्ट्रोलाइटच्या कपॅसिटरांनी हे मरण जगभर पसरवले. माथा फुगलेले कपॅसिटर ही त्या काळाची ओळख होती.

या दोन्हींहून हलका असा तिसरा प्रकार आहे, आणि त्यात काहीच मेलेले नसते. विचित्र व्होल्टेज पाहून एसएमपीएसचा संरक्षक परिपथ स्वतःला कुलूप लावून घेतो. तार काढून काही मिनिटे थांबायचे, संगणकाचे बटण दहाएक सेकंद दाबून उरलेला विद्युतभार निघू द्यायचा आणि पुन्हा जोडायचे, एवढ्याने ते कुलूप उघडते. निदानाची पहिली पायरी म्हणून हे आधी करून पाहावे लागते. ते न करता बदललेले नवे डबे कमी नाहीत.

डबा उघडल्यावर क्रम ठरलेला असतो. सुरुवात सावधगिरीने होते, कारण तार काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्ट राहू शकतात. ते दिव्यातून किंवा रोधकातून उतरवायचे असतात. पेचकस आडवा टाकून ठिणगी काढण्याची रीत भागही मारते आणि माणसालाही इजा करते. मग काचेचा फ्यूज पाहायचा. आतली तार नुसती तुटलेली असेल तर क्षणिक झटका. काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर पुढे नक्कीच शॉर्ट आहे आणि नवा फ्यूज टाकून वीज देणे म्हणजे तोही घालवणे. त्यानंतर मल्टिमीटर डायोडवर ठेवून ब्रिजचे चार डायोड आणि स्विचिंग ट्रान्झिस्टर मोजायचे. पाठीमागे ११५-२३०चा लाल स्विच असलेल्या जुन्या डब्यात तो कुठे आहे हेही पाहायचे, कारण ११५वर ठेवलेला डबा २३० व्होल्टवर लावला तर आतला दाब दुप्पट होऊन ६५० व्होल्टच्या घरात जातो आणि कपॅसिटर धडाक्याने फुटतात.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज लॅम्पमधून. ६० किंवा १०० वॅटचा तारेचा दिवा डब्याच्या मालिकेत जोडतात. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर कपॅसिटर भरले आणि सगळे ठीक. तो पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर आत अजून शॉर्ट आहे, आणि दिव्याने जळणारे भाग वाचवले. गिरणीच्या आणि मोटार वाइंडिंगच्या जमान्यापासून वायरमन हेच साधन वापरत आले. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली आणि एलईडीने तारेचे दिवे बाजारातून जवळपास हटवले. दुरुस्तीच्या टेबलावर मात्र जुना दिवा जपून ठेवला जातो, कारण एलईडी हे काम करू शकत नाही. पॉवर फॅक्टर सुधारणारा नव्या पद्धतीचा एसएमपीएस या दिव्यावर नीट सुरू होत नाही, म्हणून त्याच्यासाठी नुसत्या शॉर्टची खात्री करण्यापुरताच दिव्याचा उपयोग उरला आहे. शेवटची तपासणी भाराखाली करावी लागते. रिकाम्या डब्यावर १२ व्होल्ट दिसणे ही खात्री नव्हे. दिवा किंवा हार्ड डिस्क जोडल्यावर तो आकडा ११.४ च्या खाली जातो का, यावर निकाल ठरतो.

इंदूरमध्ये या धंद्याचे सुटे भाग महाराणी रोडच्या विद्युत बाजारातून आणि संगणकाचे तयार भाग आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून मिळत आले. शिक्षणाचीही शहरात कमतरता नव्हती : १९५२ चे गोविंदराम सेकसरिया महाविद्यालय, १९६२ चे वैष्णव पॉलिटेक्निक, नंदानगरचे आयटीआय. सुखनिवासजवळच्या, आजच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात १९९९ साली इंडस-१ हा सिंक्रोट्रॉन सुरू झाला, तेव्हा त्याच्या चुंबकांना अतिशय स्थिर प्रवाह देणारे वीजपुरवठे याच शहरात उभे राहिले. एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला वसाहतीतल्या दुकानात उघडलेला डबा; तत्त्व दोन्हीकडे एकच.

गेल्या दीड दशकात हा धंदा आटला. नवा डबा स्वस्त झाला, तेव्हा उघडून दुरुस्त करण्याची मजुरी परवडेनाशी झाली. लॅपटॉपच्या अ‍ॅडॅप्टरचे प्लॅस्टिक कवच तर उघडण्यासाठी बनवलेलेच नसते. नवे एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत कुठेही चालतात, लाल स्विच गेला आणि त्याच्यासोबतचे अपघातही गेले. दुसरीकडे संगणक बंद पडण्याची किंमत वाढली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू झाले, आणि कार्यालयातला एक डबा जळला तर भरलेला ट्रक फाटकातच उभा राहतो अशी स्थिती आली. त्यामुळे आधी बदला, मग बघा, हा व्यवहार रूढ झाला. घाईत तो समजण्यासारखा आहे, पण त्याने निदानाचे कसब मागे पडले आणि ज्या डब्यांना काही रुपयांत जीवदान मिळाले असते ते ई-कचऱ्यात गेले. ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत आणि २०२३ च्या एप्रिलपासून ते नव्या स्वरूपात आले आहेत. दुरुस्तीने जो कचरा तयारच होत नाही, त्याची बरोबरी कोणताही नियम करू शकत नाही.

यूपीएसचाही आधार मर्यादित आहे. पूर्ण भारावर एसएमपीएस विजेविना सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे ५० हर्ट्झच्या एका आवर्तनाहूनही कमी. साधा ऑफलाइन यूपीएस ४ ते १० मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो, म्हणून संगणक चालू राहतो. पण मुख्य वीज हजर असेपर्यंत असा यूपीएस तीच वीज जवळपास जशीच्या तशी पुढे देतो, आणि न्यूट्रल सुटून चढलेल्या व्होल्टेजचा पहिला फटका कधी तो स्वतः खातो, कधी संगणक.

म्हणून वीज परतल्यावर संगणक उठला नाही, तर नवा एसएमपीएस जोडण्याआधी मल्टिमीटर भिंतीतल्या सॉकेटला लावावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जेमतेम दोन-तीन व्होल्ट, आणि यंत्रे चालू-बंद करतानाही हे आकडे जागेवर, एवढे पाहून मगच डब्याकडे वळावे. कारखानदारांनी पावसाळ्याआधी न्यूट्रलचे सांधे आणि चेंजओव्हर स्विच परवानाधारक वायरमनकडून तपासून घट्ट करून घ्यावेत. न्यूट्रल सुटलेली असेल तर दुपारी बसवलेला नवा डबा संध्याकाळपर्यंत टिकत नाही.